सुधारली, पण कोणत्या औषधाने? मायोकार्डायटिस झालेल्या एका मुलीचं प्रकरण

चार वर्षांची मुलगी, वजन १४ किलो, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. आठवड्यापूर्वी सर्दी-ताप येऊन गेला होता. ताप उतरला, पण पोरगी काही खेळायला लागली नाही. मग पोटात दुखतंय म्हणू लागली, दोन-तीन उलट्या झाल्या. जवळच्या दवाखान्यात उलटीचं औषध मिळालं. दुसऱ्या दिवशी हातपाय गार लागले म्हणून सलाईन लावलं. अर्धी बाटली आत गेल्यावर धाप वाढली, छातीत घरघर ऐकू आली, म्हणून दम्याची वाफ दिली. त्याने नाडी आणखीच पळायला लागली. रात्री ती मुलांच्या आयसीयूत पोचली तेव्हा आजी एकच सांगत होती, "पोटाचं दुखणं हाय, मॅडम. दमा आमच्यात कुणालाच न्हाई."

या लेखातली मुलगी म्हणजे कोणी एकच मूल नव्हे. हा आजार ज्या वळणाने आयसीयूत येतो, त्या वळणाच्या अनेक केसेस जुळवून हे प्रकरण रचलं आहे, कुणाची ओळख पटू नये म्हणून. अभ्यासांचे आकडे मात्र छापून आलेलेच आहेत. मला एकाच प्रश्नाशी झगडायचं आहे: हृदयाच्या स्नायूला सूज आलेल्या, म्हणजे मायोकार्डायटिस झालेल्या मुलांना जी औषधं दिली जातात, त्यांतलं कोणतं खरंच कामाचं, आणि ते कामाचं आहे हे ओळखायचं कसं? कारण यातली बरीच मुलं हृदयाला थोडा आधार मिळाला की आपल्या बळावर सुधारतात. जो आजार असा आपसूक ओसरतो, त्यात शेवटी दिलेलं औषध कायम रामबाण वाटतं.

आली तेव्हा

अंगात ताप नसताना नाडी १६८. श्वास मिनिटाला ५२. रक्तदाब ७६/५०. हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत गार. नख दाबून सोडलं तर रंग परतायला चार सेकंद लागत होते. यकृत बरगडीखाली चार सेंटिमीटर हाताला लागत होतं आणि तिथे बोट ठेवलं की ती कळवळत होती. आजीचं खरं होतं, दुखणं पोटातच होतं. हृदय रक्त पुढे ढकलू शकत नव्हतं, म्हणून ते मागे तुंबलं आणि यकृत ताणलं गेलं. लहान मुलांतलं हृदयाचं दुखणं पुष्कळदा पोटदुखी आणि उलटी म्हणूनच दारात येतं. हे ज्याने एकदा पाहिलंय तो डॉक्टर गार हातापायांच्या मुलाला सलाईन लावण्याआधी यकृतावर हात ठेवतो.

एक्स-रेमध्ये फुप्फुसं ओली, हृदय थोडंसंच मोठं. ईसीजीतल्या सगळ्या लाटा बुटक्या. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं द्रव्य, वाढलेलं. लॅक्टेट, म्हणजे शरीराला रक्त कमी पडलं की चढणारं आम्ल, ४.६. टू-डी इकोमध्ये डाव्या कप्प्याची पंपशक्ती, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, २४ टक्के. या वयात ती ५५ च्या वर हवी. कप्पा फारसा ताणलेला नव्हता आणि भिंती सुजल्यासारख्या जाड दिसत होत्या. हृदयाचं दुखणं जुनं असतं तर कप्पा महिनोन् महिने ताणून मोठा झालेला दिसला असता. हे ताजं होतं, काही दिवसांतलं.

औषधांची तुलना करायच्या आधी एक काम टाळता येत नाही. हृदय असंच मंदावतं, पण औषध अगदी वेगळं लागतं, असे आजार बाजूला काढावे लागतात. इको करणाऱ्या डॉक्टरांनी डावी कोरोनरी धमनी महाधमनीतूनच निघते आहे ना, ते पाहिलं. काही मुलांत ती जन्मतः चुकीच्या ठिकाणाहून निघते, आणि तिथे उपाय शस्त्रक्रियेचा असतो. रक्तातलं कॅल्शियम तपासलं, कारण ड जीवनसत्त्वाच्या टंचाईने कॅल्शियम फार उतरलं तर हृदय थकतं आणि कॅल्शियम दिलं की परत उभं राहतं. हे तान्ह्या बाळांत जास्त दिसतं, पण तपासणी स्वस्त आहे. काखा, जांघा, केसांची मुळं पाहिली, कुठे काळी खपली आहे का. स्क्रब टायफस असेल तर डॉक्सिसायक्लिनसारखं साधं अँटिबायोटिक जीव वाचवतं. डेंग्यूची तपासणी केली. घसा पाहिला आणि लसीकरणाचं कार्ड मागितलं, कारण घटसर्पाचं विषही थेट हृदयाच्या स्नायूला धरतं. कोविडनंतर मुलांत दिसलेला दाहाचा आजार, एमआयएस-सी, त्याच्या खुणाही शोधल्या: अंगावर पुरळ, लाल डोळे, लाल ओठ, रक्तात चढलेलं सीआरपी हे दाहाचं द्रव्य. यातलं काही सापडलं नाही. उरला तो विषाणूने झालेला मायोकार्डायटिस, आणि तोही झपाट्याने वाढणारा.

विंचवाचाही प्रश्न विचारला होता. आजी म्हणाली, न्हाई. हा प्रश्न आपल्या भागात कधीच सोडू नये. लाल विंचू चावला की विषाने शरीरातल्या ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी भरतं आणि हृदयाची पंपशक्ती कोसळते. जुन्या लिखाणात त्याला विषजन्य मायोकार्डायटिसच म्हटलेलं आढळतं. तिथे स्टेरॉईड आणि इम्युनोग्लोब्युलिन, मायोकार्डायटिसमध्ये दाह दाबायला दिली जाणारी ही दोन औषधं, कामाची नाहीत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी, किलोला ३० मायक्रोग्रॅम या मात्रेत, वापरायला सुरुवात केली आणि कोकणातले मृत्यू झपाट्याने कमी झाले. पण माझ्या प्रश्नासाठी त्याहून मोलाचं आहे ते पुढचं. २०११ साली डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी बीएमजे या नियतकालिकात एक तुलना छापली. महाडातल्या त्यांच्या रुग्णालयात आलेले ७० रुग्ण. कोणाला काय द्यायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता ठरवलेलं. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि हाफकिनचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२.

हा फरक दिसला कारण शेजारी दुसरा गट होता. प्राझोसिन हे त्यांचं स्वतःचं, जगात नाव मिळवून दिलेलं औषध, आणि त्याला एकट्याला त्यांनी तुलनेत उभं केलं. मला याचा फार आदर वाटतो. तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयात हे होऊ शकलं. विषाणूच्या मायोकार्डायटिसमध्ये मुलांसाठी इतकं स्वच्छ उत्तर अजून जगातल्या मोठ्यात मोठ्या केंद्रांनाही देता आलेलं नाही.

पहिली रात्र

सलाईन थांबवलं. नाकातून जोराच्या दाबाने ऑक्सिजन सुरू केला. रडली की हृदयावरचा बोजा वाढतो, म्हणून आईला पलंगावरच बसू दिलं. श्वासाची नळी घालायची तयारी ठेवली, पण घातली नाही. अशा हृदयाच्या मुलाला भूल देतानाच ते बंद पडू शकतं. नळी टाळता आली तर टाळावी, आणि घालायचीच असेल तर ॲड्रिनलिन आधीच चालू असावं.

ॲड्रिनलिन किलोला मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅम, अगदी कमी मात्रेत. रक्तदाब ८५ च्या वर टिकल्यावर लघवी वाढवणारं लॅसिक्स १४ मिलिग्रॅम. तासाभराने मिलरिनोन ०.३ मायक्रोग्रॅमपासून सुरू केलं, सुरुवातीचा मोठा डोस न देता. तो डोस पुस्तकात असतो, पण आधीच खाली असलेला रक्तदाब त्याने आणखी घसरतो.

या औषधांच्या निवडीत सवयीचा भाग पुष्कळ आहे. डोब्युटामिन हृदयाला जोर देतं, पण नाडी पळवतं आणि सुजलेल्या स्नायूत ठोके चुकायला लावतं. जास्त मात्रेतलं ॲड्रिनलिन स्नायूची ऑक्सिजनची भूक वाढवतं, म्हणजे थकलेल्या बैलाला चाबूक. मिलरिनोन रक्तवाहिन्या सैल करतं, त्यामुळे हृदयाला कमी दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. पण मूत्रपिंडं मंद असतील तर ते शरीरात साठतं आणि रक्तदाब पाडतं. मिलरिनोनच्या बाजूचा मुलांमधला सगळ्यात चांगला पुरावा २००३ चा: हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत हृदय पुरेसं रक्त ढकलू न शकण्याचं प्रमाण नकली औषधाच्या गटात २५.९ टक्के होतं, मिलरिनोनच्या मोठ्या मात्रेत ११.७ टक्के. ती मुलं शस्त्रक्रियेची होती, मायोकार्डायटिसची नव्हती. आपण तो पुरावा उसना घेतो. मला हा उसनवार मान्य आहे, कारण औषध काय करतं ते तासाभरात डोळ्यांनी दिसतं: पाय गरम होतात का, लघवी होते का, लॅक्टेट उतरतं का. तासात कळणारी गोष्ट आणि सहा महिन्यांनी कळणारी गोष्ट यांच्या पुराव्याला एकच माप लावता येत नाही.

डिगॉक्सिन दिलं नाही. आपल्याकडे हृदय थकलं की डिगॉक्सिन, ही जुनी चाल आहे. ताज्या सुजेत त्याने ठोक्यांची गडबड होण्याचा धोका जास्त आणि मिळकत थोडी.

पहाटेपर्यंत शंभर मिलीच्या वर लघवी झाली आणि यकृत बोटभर मागे सरलं. जीव वाचवायचं जे काम त्या रात्री झालं ते ऑक्सिजन, लॅसिक्स, ॲड्रिनलिन आणि मिलरिनोन, आणि थांबवलेलं सलाईन यांनी केलं. यातलं काहीही महाग नव्हतं.

२८ ग्रॅम

सकाळी पुण्याहून मामा आले. त्यांनी कुणाला तरी विचारलं होतं. "ते इम्युनोग्लोब्युलिन का दिलं नाही अजून?" वडील इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले. "मॅडम, जे काय लागंल ते द्या. अर्धा एकर रान हाय, टाकतो गहाण."

हे इंजेक्शन म्हणजे आयव्हीआयजी, हजारो लोकांच्या रक्तदानातून गोळा केलेली प्रतिपिंडं. नेहमीची मात्रा किलोला २ ग्रॅम. १४ किलोला २८ ग्रॅम, पाच ग्रॅमच्या सहा बाटल्या, आणि एकेका बाटलीची किंमत हजारांत. पाच टक्क्यांचं द्रावण मिळालं तर ५६० मिली. या मुलीच्या अंगातलं सगळं रक्त मिळून साधारण ११०० मिली. अर्धी बाटली सलाईनने जिची ही गत झाली होती, तिच्या शिरेत चोवीस तासांत तेवढ्याच्या जवळपास दुप्पट द्रव घालायचा, आणि तोही प्रथिनांनी भरलेला. दहा टक्क्यांचं द्रावण मिळालं तर हे निम्म्यावर येतं, संथ गतीने देता येतं, लॅसिक्सची जोड देता येते. म्हणजे देणं अशक्य नाही. पण मिळणार काय?

या औषधाचं नाव झालं ते १९९४ च्या बोस्टनमधल्या अभ्यासाने. २१ मुलांना आयव्हीआयजी दिलं आणि आधीच्या काळात ते न मिळालेल्या २५ मुलांशी त्यांची तुलना केली. दिलेल्यांची पंपशक्ती जास्त सुधारली. वर्षभर जगण्याची शक्यता ८४ टक्के विरुद्ध ६० टक्के, पण हा दुसरा फरक नशिबाने पडलेला नाही असं म्हणण्याइतका पक्का नव्हता. जगभरच्या आयसीयूंनी हा अभ्यास उचलला. त्यातली कमकुवत जागा उघड आहे: तुलनेतली मुलं जुन्या काळातली होती. मधल्या वर्षांत आयसीयूतली देखभाल सुधारली होती, हृदयाचं ओझं कमी करणारी औषधं रुळली होती. नवी मुलं जास्त जगली यात आयव्हीआयजीचा वाटा किती आणि काळाचा किती, हे वेगळं काढताच येत नाही.

२००१ मध्ये ६२ प्रौढांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून परीक्षा झाली. अर्ध्यांना आयव्हीआयजी, अर्ध्यांना नकली द्रावण. सहा महिन्यांत पंपशक्ती सरासरी २५ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर गेली, आणि ती दोन्ही गटांत गेली. मी नव्या डॉक्टरांना हा आकडा आवर्जून सांगते. नकली द्रावणाचा गट त्या अभ्यासात नसता, तर आयव्हीआयजीने सोळा टक्क्यांची उडी मारून दिली असं आज प्रत्येक पुस्तकात छापलेलं असतं.

भारतातलाही एक अभ्यास या चर्चेत येतो. पूर्व उत्तर प्रदेशात, गोरखपूरला, मेंदूज्वरासोबत मायोकार्डायटिस झालेली ८३ मुलं. आयव्हीआयजी मिळालेल्या गटात मृत्यू कमी होते. पण कोणाला औषध मिळेल याची वाटणी निखळ नव्हती आणि आजारही निव्वळ हृदयाचा नव्हता. २०१२ साली अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांतल्या ५१४ मुलांच्या नोंदी छापून आल्या. सुमारे ७ टक्के मुलं दगावली. आयव्हीआयजी बहुतेकांना मिळालं होतं आणि ते मिळाल्याने जगण्यात फरक दिसला नाही. इथे उलटा फास आहे: जास्त आजारी मुलालाच महाग औषध दिलं जातं, त्यामुळे नोंदींमध्ये चांगलं औषधही निकामी दिसू शकतं. म्हणून तो निकाल औषधाच्या विरुद्ध वापरायलाही मी तयार नाही.

एका सहकाऱ्याचं मत द्यावं असं होतं, आणि त्याच्या बोलण्यात वजन होतं. पुरावा अपुरा याचा अर्थ उपयोग नाही असा होत नाही. मूल मरणाच्या दारात टेकलेलं असताना शक्यता कशाला सोडायची? मी म्हटलं, शक्यता फुकट असती तर सोडली नसती. इथे तिची किंमत आहे: ओल्या फुप्फुसांत आणखी द्रव, रक्ताच्या गुठळीचा आणि लाल पेशी फुटण्याचा थोडा धोका, गोवर-गालगुंड-रुबेलाची पुढची लस ११ महिने लांबणीवर, आणि एका कुटुंबाचं अर्धा एकर रान. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं मुलांमधल्या मायोकार्डायटिसवरचं २०२१ चं निवेदनही सगळ्यांना आयव्हीआयजी द्या असं म्हणत नाही.

वडिलांना बाजूला बसवून सांगितलं, "दादा, हे औषध दिलं म्हणजे ती वाचेल आणि नाही दिलं म्हणजे जाईल, असं मी म्हणाले तर ते खोटं होईल. आत्ता तिला जे वाचवतंय ते चालू आहे. रान गहाण टाकू नका. लागलंच तर पुण्याला न्यायच्या गाडीसाठी पैसे लागतील." ते काही बोलले नाहीत. मामांनी मात्र दोन-तीन नेमके प्रश्न विचारले आणि मग तेच आजीला समजावू लागले.

हीच मुलगी एमआयएस-सीची असती तर मी पहिल्याच रात्री आयव्हीआयजी सुरू केलं असतं. तिथेही वाद आहेच. २०२१ च्या जूनमध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये दोन अभ्यास एकत्र आले. अमेरिकेतल्या ५१८ मुलांत आयव्हीआयजी आणि स्टेरॉईड दोन्ही मिळालेल्यांत पुढचा हृदयाचा त्रास १७ टक्के, नुसतं आयव्हीआयजी मिळालेल्यांत ३१ टक्के. दुसऱ्या अभ्यासात अनेक देशांतली ६१४ मुलं. नुसतं आयव्हीआयजी, नुसतं स्टेरॉईड, दोन्ही, कशातच ठळक फरक नाही. काळ एक, आजार एक, निष्कर्ष दोन, कारण दोन्हीकडे वाटणी डॉक्टरांच्या निर्णयाने झालेली होती. पण त्या आजारात प्रतिकारशक्तीच उसळलेली असते आणि मुलं आवरली जातात हे दिवसांत दिसतं. विषाणूच्या मायोकार्डायटिसमध्ये विषाणू अजून पेशींत आहे की नुसती मागची आग उरली आहे, हे बाहेरून कळत नाही.

स्टेरॉईडचा निर्णय

दुपारी ठोके चुकायला लागले. खालच्या कप्प्यातून सुटे, मग जोडीने येणारे ठोके. इकोत पंपशक्ती २० टक्के. लॅक्टेट उतरलेलं ते परत ३.८ वर. पुण्यातल्या एक्मो असलेल्या केंद्राला फोन केला. हृदय-फुप्फुसाचं काम काही दिवस यंत्रावर टाकायची ही सोय. आंतरराष्ट्रीय नोंदींतल्या मायोकार्डायटिसच्या २५५ मुलांपैकी ६१ टक्के मुलं एक्मोवरून वाचून घरी गेली होती. तेव्हा ठरवलं की लॅक्टेट ५ गाठलं किंवा ठोक्यांची लांब माळ दिसली तर निघायचं, खंबाटकीला गाडी अडकायच्या वेळा टाळून. मूल पार कोसळल्यावर निघण्यात अर्थ नसतो, आणि फोन आधी झालेला असेल तरच समोरचे तयार असतात.

त्याच वेळी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड सुरू केलं, किलोला १० मिलिग्रॅम, तीन दिवस.

स्टेरॉईडचा पुरावा आयव्हीआयजीपेक्षा फार वरचा नाही, हे आधी म्हणायला हवं. १९५६ साली उंदरांवर दिसलं की हृदयाला धरू शकणाऱ्या कोक्सॅकी विषाणूच्या लागणीत कॉर्टिसोन दिलं तर विषाणू जास्त फोफावतो. ती भीती तेव्हापासून मनात आहे. १९९५ च्या मोठ्या परीक्षेत १११ प्रौढ, सगळ्यांच्या हृदयाचा तुकडा काढून निदान केलेलं. स्टेरॉईडसोबत दुसरं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध एका बाजूला, नेहमीचे उपचार दुसऱ्या बाजूला. २८ आठवड्यांनी पंपशक्ती २५ वरून ३४ टक्के. पुन्हा तेच: दोन्ही बाजूंना सुधारणा, फरक नाही. मग २००९ चा रोमचा अभ्यास, ८५ प्रौढ, पण निवड कडक: तुकड्यात सूज आहे, विषाणू नाही, आणि दुखणं सहा महिन्यांहून जुनं. त्यांना प्रेडनिसोन आणि अझाथायोप्रिन दिल्यावर ८८ टक्के सुधारले, नकली औषधाच्या गटात पंपशक्ती वाढली नाही. म्हणजे औषध कोणाला द्यायचं हे नेमकं ठरवता आलं तर ते चालतं. पण १४ किलोच्या, मरणाशी झुंजणाऱ्या मुलीच्या हृदयाचा तुकडा काढणं हाच एक मोठा धोका आहे, आणि तिचं दुखणं आठवड्याचं होतं.

औषधांच्या परीक्षा एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये आठ परीक्षा एकत्र केल्या, मिळून ७१९ माणसं, मुलंही. स्टेरॉईडने मृत्यू कमी झाले नाहीत. पहिल्या एक ते तीन महिन्यांत पंपशक्ती मात्र जास्त चांगली दिसली. परीक्षा लहान, काहींची आखणी ढिली.

एवढ्या पातळ पुराव्यावर एक औषध दिलं आणि दुसरं नाही, यात विसंगती आहे असं कुणाला वाटेल. मी असा हिशेब केला. स्टेरॉईडचा डोस काही मिलीत बसतो. खर्च कुटुंबाला जाणवत नाही. धोके ओळखीचे आहेत, साखर आणि रक्तदाब मोजता येतात, जंतुसंसर्गावर नजर ठेवता येते. तीन दिवसांत थांबवता येतं. आणि मूल घसरत होतं. शंकास्पद फायद्याची दोन औषधं समोर असतील तर ज्याचा तोटा कमी आणि ज्याचा डोस हृदयाला पेलतो ते आधी, हा व्यवहार मला पटतो. ती घसरत नसती, तर स्टेरॉईडही दिलं नसतं.

पुढचे बारा तास लॅक्टेट ४ च्या आसपास रेंगाळलं. गाडी दारात उभी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते २.१ वर आलं, चुकणारे ठोके पुन्हा सुटे-सुटे झाले, दुपारी तिने पेज मागितली. चौथ्या दिवशी ॲड्रिनलिन बंद, सहाव्या दिवशी मिलरिनोन. आठव्या दिवशी पंपशक्ती ३८, घरी जाताना ४६.

मामा म्हणाले, "स्टेरॉईडने कमाल केली." केली असेल. पण झपाट्याने कोसळणाऱ्या मायोकार्डायटिसमध्ये पहिला आठवडा तरून गेलेली मुलं अशीच, काही दिवसांत, वर येताना दिसतात; स्टेरॉईड न मिळालेलीही. एका मुलीवरून श्रेय वाटता येत नाही, आणि तिच्या फाइलवर "स्टेरॉईडला प्रतिसाद" असा शेरा मी लिहू दिला नाही. तसे शेरे पुढच्या डॉक्टरला चुकीची खात्री देतात. "मिथाइलप्रेडनिसोलोन दिलं, त्यानंतर सुधारणा" एवढंच लिहिलं.

घरी नेताना

गोळ्या तीन: एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, थोडं लॅसिक्स. प्रेडनिसोलोन उतरत्या मात्रेत काही आठवडे. मेडिकलवाल्याने गोळीचे चार भाग करून पुड्या बांधून द्यायच्या आणि त्यावर वेळ लिहायची, हे त्याला फोन करून सांगितलं. आईला वाचता येत होतं, आजीला नाही, आणि दिवसा मुलगी आजीकडेच असते.

नव्या, महाग गोळीचा प्रश्न इथेही आला. सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टनची एनालाप्रिलशी तुलना ३७५ मुलांत केलेली आहे, निकाल २०२४ मध्ये छापून आला. वर्षभरात दोन्ही गट सुधारले, मुख्य निकषावर ठळक फरक नाही. कार्व्हेडिलॉलचं तेच: २००७ साली १६१ मुलं, औषध मिळालेल्यांत ५६ टक्के सुधारली आणि नकली औषध मिळालेल्यांतही जवळजवळ तितकीच. प्रौढांमध्ये या दोन्ही औषधांनी आयुष्य वाढतं, हे पक्कं आहे. मुलांचं थकलेलं हृदय वेगळ्या कारणांनी थकतं आणि वेगळ्या गतीने सावरतं, म्हणून प्रौढांचा निकाल मुलांवर जसाच्या तसा चढवता येत नाही. या मुलीला काही रुपयांची एनालाप्रिल पुरेशी होती.

ताप आला तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन नको, असं कार्डावर लाल शाईने लिहिलं, कारण गावात तापाला तेच पटकन मिळतं, आणि या हृदयाला ते सोसत नाही, शिवाय एनालाप्रिलसोबत मूत्रपिंडांना त्रास देतं. धावणं-पळणं सहा महिने बंद. चार वर्षांच्या मुलीला हे सांगून काय उपयोग? म्हणून अंगणवाडीताईंना चिठ्ठी दिली: गाणी, चित्रं, गोष्टी सगळं चालेल, पळापळीच्या खेळात टाळ्या मोजायचं काम तिला द्यावं. बरी दिसणारी मुलगी पळता पळता कोसळू शकते, कारण सूज ओसरली तरी स्नायूतल्या व्रणांतून ठोक्यांची गडबड सुरू होऊ शकते, हे आईला स्पष्ट सांगितलं.

तीन महिन्यांनी पंपशक्ती ५३, सहा महिन्यांनी ५८. ठोक्यांची चोवीस तास सलग नोंद करणाऱ्या होल्टरमध्ये तीन सुटे चुकलेले ठोके, बाकी लय सरळ. लॅसिक्स पहिल्या महिन्यातच बंद झालं होतं, स्पायरोनोलॅक्टोन आता थांबवलं. एनालाप्रिल आणखी सहा महिने चालू ठेवलं आहे. पंपशक्ती सावरल्यावर ती किती काळ द्यावी यावर मुलांमध्ये पक्की तुलना झालेली नाही, आणि मला घाईने बंद करण्यापेक्षा हळू उतरवणं बरं वाटतं. आयव्हीआयजी दिलं नव्हतं, म्हणून एमएमआरचा राहिलेला डोस स्टेरॉईड बंद होऊन महिना उलटल्यावर देता आला. पळायला परवानगी दिली. हृदयाच्या एमआरआयने व्रण उरला आहे का ते दिसेल, पण या वयात त्यासाठी भूल द्यावी लागते. ती सात-आठ वर्षांची होऊन अर्धा तास स्वस्थ पडू शकेल तेव्हा तो करायचा, असं फाइलवर लिहून ठेवलं आहे. तोवर दर सहा महिन्यांनी इको आणि वर्षातून एकदा होल्टर.